रामशेज: पोराबाळांना आणि आजी-आजोबांना घेऊन गडावर एक दिवस

नाशिक जिल्ह्यात पन्नासहून जास्त किल्ले आहेत, पण घरच्यांना पहिल्यांदा गडावर न्यायचं म्हटलं की हटकून हरिहरचं नाव निघतं. त्याच्या उभ्या कातळपायऱ्यांचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. त्या पायऱ्या सात वर्षांच्या मुलासाठी नाहीत. खोबणीत बोटं रुतवून चढायचं, उतरताना कड्याकडे तोंड करून एकेक पाय खाली टाकायचा, आणि सुटीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे त्याच अरुंद वाटेवर एकमेकांसमोर अडकतात. साल्हेर १५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. तो धडधाकट माणसाचाही अख्खा दिवस घेतो. अंजनेरीची वाट सोपी आहे, पण लहानग्यांच्या पायांना लांब पडते. त्यामुळे कुटुंबाचा पहिला किल्ला रामशेज असावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रामशेज नाशिक शहरापासून साधारण १४-१५ किलोमीटरवर, दिंडोरी तालुक्यात पेठ रस्त्याला आहे. पायथ्याला आशेवाडी हे गाव. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सवयीच्या माणसाला पाऊण तास पुरतो, मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर सव्वा ते दीड तास धरा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटेत श्रीरामाचं गुहेतलं मंदिर आहे. ज्याला पुढे जायचं नाही तो तिथे सावलीत निवांत बसू शकतो. वनवासात रामाने इथे विश्रांती घेतली, ही रामाची शेज, अशी श्रद्धा आहे आणि गडाचं नावही त्यावरूनच आलं. घरातल्या आजींना ‘किल्ला चढायला चला’ म्हटलं तर त्या नको म्हणतील. ‘रामाच्या दर्शनाला चला, पुढचं पुढे बघू’ म्हटलं तर तयार होतील, आणि त्यात खोटं काहीच नाही.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. हवा कोरडी असते, लांबवरचं दिसतं, आणि सकाळी दहापर्यंत ऊन अंगाला लागत नाही. मार्चपासून कातळ तापायला लागतो. गडावर झाड जवळजवळ नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर सूर्य उगवताना चढायला सुरुवात करून साडेनऊच्या आत पायथ्याशी परत यायला हवं. पावसाळ्यात गड हिरवागार होतो आणि गर्दीही होते. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि ढग उतरले की माथ्यावर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. मुलं लहान असतील तर पावसाळा टाळून सप्टेंबरच्या अखेरीस जा. हिरवळ तेव्हाही असते, पायऱ्या मात्र बऱ्याचशा वाळलेल्या असतात.

रविवारपेक्षा शनिवार बरा, आणि शाळेला मधल्या वारी सुटी असेल तर त्याहून उत्तम. रामनवमीच्या सुमारास आणि श्रावणात देवदर्शनाची गर्दी असते हे लक्षात ठेवा.

हिवाळ्यात सूर्य साधारण सातला उगवतो, तेव्हा सव्वासातला आशेवाडीत पोहोचायचं ठेवा. त्यासाठी घरून साडेसहाला निघावं लागेल, म्हणजे पिशव्या आदल्या रात्री भरून दाराशी ठेवायच्या. उशीर होतो तो बहुतेक वेळा घरातच होतो. पाण्याच्या बाटल्या सकाळी भरू, डबा सकाळी करू, असं म्हणत आठ वाजतात आणि मग चढाई नेमकी उन्हात येते.

काय न्यायचं, किती न्यायचं

पाण्याचा हिशेब आधी करा. हिवाळ्यात मोठ्या माणसाला दीड लिटर, दहा वर्षांखालच्या मुलाला एक लिटर. दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि एक आजी धरल्या तर साडेसहा लिटर होतात. हे साडेसहा किलो ओझं एकाच्या पाठीवर दिलं तर अर्ध्या वाटेत तो माणूस चिडतो आणि सगळ्यांचा दिवस बिघडतो. प्रत्येकाने आपली बाटली आपल्याकडे ठेवायची, पाच वर्षांच्या मुलानेसुद्धा पाव लिटरची. उन्हाळ्यात हे प्रमाण दीडपट करा. गडावरच्या टाक्यांतलं पाणी पिण्याच्या भरवशावर जाऊ नका. त्यात पालापाचोळा आणि शेवाळ असतं, आणि मुलांच्या पोटाला ते सोसत नाही. एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ घातलेलं सरबत असावं. घाम गेल्यावर नुसतं पाणी पीत राहिलं तर थकवा तसाच राहतो.

खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. हे सांडत नाही, विटत नाही आणि हाताने खाता येतं. दहीभात आणि रस्साभाजी घरी आल्यावर. नाशिकची द्राक्षं किंवा पेरू हंगामात असतील तर घ्या, पण बिया-देठांसाठी वेगळी पिशवीही घ्या. वेफर्सची पुडी शक्यतो नकोच. ती फुटताना होणारा आवाज माकडांना बरोबर कळतो.

पायात मागून बंद असलेले, तळव्याला खाचा असलेले बूट हवेत. शाळेचे पांढरे कॅनव्हास बूट झिजले की तळव्याला गुळगुळीत होतात, आणि उतरताना नेमके तेच घसरतात. निघण्याआधी प्रत्येकाचा बूट उलटा करून तळवा बघा. नवे कोरे बूट गडावर पहिल्यांदा घालू नका, टाचेला फोड येतात. पायजमा किंवा पूर्ण पँट, सुती सदरा, टोपी. आजींना साडी सोयीची वाटत असेल तर घोट्याच्या वर खोचून, खाली पायमोजे आणि बूट.

औषधांच्या पिशवीत चिकटपट्ट्या, कापूस, जंतुनाशक मलम, क्रेप बँडेज, तापाची गोळी, जलसंजीवनीची दोन पाकिटं आणि ज्यांची रोजची औषधं चालू आहेत त्यांचे त्या दिवसाचे डोस. मधुमेह असणाऱ्यांच्या खिशात साखरेच्या गोळ्या हव्यातच. बॅगेत ठेवल्या आणि बॅग पुढे गेली तर उपयोग नाही. एक शिट्टी प्रत्येक मुलाच्या गळ्यात बांधा आणि नियम घालून द्या: खेळायला वाजवायची नाही, आई-बाबा दिसेनासे झाले की जागेवर बसायचं आणि तीनदा वाजवायची.

चढताना

स्वतःची गाडी असेल तर पंचवटीतून पेठ रस्त्याला लागा. एसटीने जायचं झालं तर पेठकडे जाणाऱ्या गाडीने आशेवाडी फाट्यावर उतरून गावापर्यंत चालत जावं लागतं. गाडी गावातल्या कुणाच्या दारासमोर किंवा शेताच्या वाटेवर लावू नका. सकाळी ट्रॅक्टर आणि दुधाच्या गाड्या तिथूनच जातात. परतीचा चहा-नाश्ता गावात कुणी करून देत असेल तर चढायच्या आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांनाही सामान आणता येतं.

कुटुंबाचा वेग सर्वांत लहान पायांचा असतो. त्यामुळे सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, मागे नको. मागे ठेवलं तर पुढचे थांबून विश्रांती घेतात, तो धापा टाकत पोहोचतो आणि तेवढ्यात पुढचे ‘चला’ म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ती मिळत नाही. एक मोठा माणूस सर्वांत शेवटी, बाकीची मुलं मध्ये. दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटं उभ्याने थांबा. बसून दहा मिनिटं घालवली की पाय जड होतात. चढताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, ही सोपी खूण मुलांनाही कळते.

चार वर्षांखालच्या मुलाला खांद्यावर बसवून पायऱ्या चढू नका. तोल वरच्या बाजूला जातो, मूल मागे झुकलं की तुम्हीही मागे झुकता, आणि कातळातल्या दरवाज्याखाली त्याचं डोकं आपटतं. पाठीवर बांधायची झोळी किंवा कॅरियर वापरा, दोन्ही हात मोकळे राहू द्या.

मंदिरापाशी पहिला मोठा थांबा घ्या. दर्शन, पाणी, थोडं खाणं, आणि इथेच ठरवा की पुढे कोण जाणार. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा छातीत धडधड होणाऱ्यांनी इथेच थांबावं. त्यांच्यासोबत एक मोठं माणूस आणि एक फोन ठेवा. इथून पुढच्या पायऱ्या आणि कातळातली वाट फार अवघड नाही, पण दमलेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरायला जास्त जड जाते.

गड बघायचा कसा

बरीच कुटुंबं माथ्यावर जातात, झेंड्यापाशी फोटो काढतात आणि वीस मिनिटांत उतरायला लागतात. मुलांना मग किल्ला म्हणजे भगवा झेंडा असलेला डोंगर एवढंच कळतं. रामशेज त्याहून कितीतरी जास्त सांगतो. फक्त मुलांना आधी एक प्रश्न द्यायला हवा: तुमच्याकडे हजारोंची फौज आहे आणि हा गड जिंकायचा आहे, तर कुठून चढाल?

औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेत उतरला आणि १६८२ च्या उन्हाळ्यात त्याच्या सरदाराने, शहाबुद्दीन खानाने, रामशेजला वेढा घातला. गड लहान, फार उंच नाही, भोवती दाट जंगल नाही. काही दिवसांत पडेल असाच कुणाचाही अंदाज झाला असता. संभाजी महाराजांच्या शिबंदीने, म्हणजे गडावरच्या सैनिकांनी, तो पाच वर्षांहून अधिक काळ झुंजवला. त्या काळच्या मोगल इतिहासकाराने, म्हणजे शत्रूच्याच माणसाने, लिहून ठेवलंय की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मराठ्यांनी झाडांचे बुंधे पोखरून त्यांच्या तोफा केल्या आणि त्यांतून चामड्याचा मारा केला. दहा तोफांचं काम त्यांनी केलं, असं तो म्हणतो. मोगलांनी गडावर मारा करायला लाकडाचा उंच दमदमा, म्हणजे बुरूजच, उभारला, तोही उपयोगी पडला नाही. पुढे बहादूरखान कोकलताश आला. त्याने एका बाजूला रात्री ढोल-नगाऱ्यांचा गोंगाट करायला लावला आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसं दोर लावून चढवली. गडकऱ्यांनी डाव ओळखला. गोंगाटाच्या बाजूला त्यांनीही आरडाओरडा चालू ठेवला आणि दुसऱ्या बाजूला काही माणसं कड्यावर गुपचूप दबा धरून बसली. चढून आलेले पहिले मोगल डोकं वर काढताच खाली गेले.

ही गोष्ट गाडीत सांगू नका. माथ्यावर, कड्यापासून आत सुरक्षित जागी मुलांना बसवून सांगा आणि मग विचारा, गोंगाट कोणत्या बाजूला केला असेल? ती आपणहून उतार बघायला लागतात, कुठे कडा तुटलेला आहे आणि कुठे दोर टाकता येईल हे शोधायला लागतात.

आता गड यंत्रासारखा उलगडून बघा. आधी कडा. सह्याद्रीचा हा भाग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलाय. एक थर कठीण, दुसरा ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार होतो, कठीण थर उभा कडा म्हणून राहतो. म्हणजे तटबंदीचं निम्मं काम डोंगरानेच करून ठेवलेलं असतं. माणसाने भिंत बांधली ती जिथे कड्यात फट होती तिथे. मुलांना तटाचे अवशेष दाखवा आणि विचारा, भिंत इथेच का? उत्तर प्रत्येक वेळी खाली वाकून बघितल्यावर सापडतं. वाकून बघायचं काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी पोटावर झोपून, पाय कुणीतरी धरलेले असताना.

मग दरवाजा. कातळात कोरलेल्या वाटेकडे बघताना मोजा, एका वेळी किती माणसं आत येऊ शकतात. आई, बाबा आणि दोन मुलं एका रांगेत शेजारी शेजारी उभं राहण्याचा प्रयत्न करा. दारापाशी फौज कितीही मोठी असली तरी आत येताना ती दोघा-तिघांचीच होते. गडाच्या चोरवाटेपाशीही हाच प्रयोग करा. वेढा पडल्यावर निरोप आणि रसद कुठून आत-बाहेर होत असेल हे तिथे उभं राहिल्यावर समजतं. दगड सुटलेले दिसले किंवा आत अंधार असेल तर मात्र बाहेरूनच बघा.

आमच्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाण्याची टाकी. पाच वर्षांचा वेढा धान्य आणि पाण्याशिवाय झेपत नाही. टाक्याच्या आतल्या भिंतीवर तिरपं ऊन पडलं की छिन्नीचे तिरके घाव एकाखाली एक ओळीने दिसतात. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर ते सर्वांत स्पष्ट दिसतात, भर दुपारी नाही. त्या घावांची लांबी मुलाच्या वितीने मोजा. एका घावात किती दगड उडाला असेल आणि पूर्ण टाकं खोदायला किती घाव लागले असतील, याचा अंदाज पोरं तासभर करत बसतात. टाक्यातून निघालेला दगड वाया जात नसे, तोच तटाला आणि जोत्यांना लागे. सपाट कातळावर कुठे गोल किंवा चौकोनी खळगे दिसले तर ते लाकडी खांब रोवायचे असू शकतात. किल्ल्यांवर असे खळगे टाक्यांच्या आणि घरांच्या भोवती सापडतात. काही ठिकाणी एका रेषेत बारीक खाचा दिसतात. तिथे पाचरी ठोकून दगड फोडला जाई.

टाक्याच्या काठाचा नियम कडक ठेवा. पाण्याचा हिरवा पृष्ठभाग सपाट अंगणासारखा दिसतो आणि खोली कळत नाही, त्यामुळे लहान मूल त्यावर पाय टाकायला बघतं. मोठ्याचा हात धरल्याशिवाय काठापासून दोन हातांच्या आत जायचं नाही. कातळात सरळ कोरलेल्या भिंतींना बाहेर यायला धरण्यासारखं काही नसतं. पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही शेवाळलेल्या काठावरून वर येता येत नाही. म्हणून पाण्यात उतरण्याचा विचारही नको.

माथ्यावरून हवा स्वच्छ असेल तर शेजारी देहेरगड आणि भोरगड, उत्तरेला सातमाळेची रांग, पश्चिमेकडे त्र्यंबकचे डोंगर ओळखता येतात. भोरगडावर हवाई दलाचं ठाणं आहे. तिकडे फोटोसाठी मोठ्या लेन्स रोखू नका, आणि ड्रोन तर घरीच ठेवा.

मुलांना जोत्याचे दगड उचलून रचायला, खडूने नावं लिहायला देऊ नका. विखुरलेला दगडही कुठे पडलाय यावरून इमारतीचा अंदाज येतो. तो हलवला की तेवढी माहिती पुसली जाते.

काय बिघडतं

कड्यात आग्या मोहोळ असू शकतं. अत्तर, डिओ, धूर, फटाके आणि मोठा स्पीकर यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकू नका, डोकं कपड्याने झाका आणि त्या भागातून शांतपणे पण लगबगीने दूर जा. काटा नखाने खरवडून काढा. चिमटीत धरून ओढत बसण्यात वेळ गेला तर तेवढ्यात आणखी विष आत जातं. श्वास लागणं, ओठ सुजणं, अंगभर गांधी उठणं दिसलं तर थांबू नका, १०८ ला फोन करून खाली उतरायला लागा.

माकडं पिशवी ओढतात. ओढली तर सोडून द्या, झटापट करू नका. चावा किंवा ओरखडा झाला तर साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवून त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

सापासाठी एवढंच: दगडाच्या फटीत आणि गवतात हात घालायचा नाही. दंश झाला तर पाय किंवा हात आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. माणसाला चालवू नका, दंशाची जागा स्थिर ठेवून उचलून खाली आणा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या.

मेघगर्जनेचा हिशेब मुलांना शिकवा. वीज चमकली की मोजायला सुरुवात करा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच माथा सोडा. झेंड्याचा खांब, एकटं झाड आणि गुहेचं तोंड यांपासून दूर राहा. मे अखेर आणि ऑक्टोबरच्या दुपारी अशी वादळं अर्ध्या तासात तयार होतात.

उतरणं

बहुतेक पडझड इथेच होते. कारणं तीन: मांड्या थकलेल्या असतात, लक्ष जेवणाकडे असतं, आणि मुलं उतारावर धावतात. निघण्याआधी सगळ्यांना लाडू आणि पाणी द्या, बुटांच्या नाड्या पुन्हा आवळा. घोट्यापाशी घट्ट, म्हणजे अंगठा पुढे आपटत नाही. एक मोठा माणूस आता सर्वांत पुढे, त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. सुटा मुरूम असलेल्या घसाऱ्यावर पाय आडवे टाका, गुडघे थोडे वाकवा, आणि मुलाचा हात धरताना मनगट धरा. घामाने बोटं सुटतात, मनगट सुटत नाही. आजोबांना काठी हवी असेल तर उतरताना ती थोडी लांब धरायला सांगा, चढताना आखूड.

मंदिरात थांबलेल्यांना घेऊन हिवाळ्यातही अकरा-साडेअकरापर्यंत पायथ्याशी या. कचऱ्याची पिशवी गावात टाकू नका, घरी आणा. दुपारची फेरी केली असेल तर साडेपाचच्या आत गाडीत बसा. थंडीत सहाला सूर्य मावळतो आणि पेठ रस्त्यावर गुजरातकडे जाणारी अवजड वाहनं असतात.

ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गवताची कुसळं मोज्यांत अडकतात. घरात शिरण्याआधी मोजे उलटे करून दाराबाहेर झटका आणि मग धुवायला टाका, नाहीतर ती यंत्रात इतर कपड्यांत शिरतात आणि आठवडाभर टोचत राहतात. लहानग्यांची बोटांची पेरं, टाचा आणि गुडघ्यांची मागची बाजू एकदा उजेडात बघून घ्या.